एकसष्ट टक्क्यांवर

"अहो, पाय! आधी तो पाय उचला!"

वज्दीला मी उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. तो पावसातून धावत येऊन आमच्या तेलघाण्याच्या छपराखाली शिरला होता आणि नेमका म्हाताऱ्या खाला मबरूकाच्या जैतुनांवर, म्हणजे ऑलिव्हच्या फळांवर, उभा होता. सकाळभर खपून त्या बिचारीने ती निवडून पसरली होती.

त्याने दचकून पाय उचलला... आणि शेजारच्या ढिगाऱ्यात ठेवला.

"अरे देवा! तिथेही जैतूनच आहेत! डोळे घरी ठेवून आलात का?"

"डोळे आणलेत, पण त्यांच्यावर पाणी आहे," असं म्हणून त्याने चष्मा काढला. केसांतून पाणी ठिबकत होतं, स्वेटर अंगाला चिकटला होता. जाकीट मात्र त्याने अंगावर न घालता एका पिशवीभोवती गुंडाळलं होतं, तान्ह्या बाळासारखं.

"तेल गाळायला आलाय की विकत न्यायला?"

"दोन्ही नाही. कॉम्प्युटर बघायला आलोय. ओल्फा बाई कोण?"

ओल्फा मीच. हाच तो माणूस, ज्याची मी महिनाभर धास्ती घेतली होती.

आमच्या जर्जिस गावात डिसेंबर-जानेवारी म्हणजे जैतुनांचे महिने. घाण्याच्या मागच्या खोलीत माझी छोटीशी प्रयोगशाळा. एक यंत्र, त्याला जोडलेला एक कॉम्प्युटर आणि त्यांच्यासमोर मी. काचेच्या इवल्याशा वाटीत तेल घालायचं, यंत्र त्यातून प्रकाश सोडतं आणि दोन मिनिटांत सांगतं की तेलाची आम्लता किती, तेल अव्वल की दुय्यम. तो कागद हातात पडला की माणूस त्याच दिवशी आपलं तेल विकू शकतो.

कॉम्प्युटर होता तेरा वर्षांचा. रोज सकाळी त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवायची : तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, नवी घाला. मी रोज ती बंद करायचे, दारावरच्या विक्रेत्याला वाटेला लावावं तशी. पण मग राजधानीतून, ट्युनिसहून, आमच्या तेलघाणा संघाचंच फर्मान आलं : जानेवारीअखेर नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम हवी, नाहीतर जोडणी तोडू. आकडे ट्युनिसला पोचल्याशिवाय कागद निघत नाही; जोडणी तुटली की कागद बंद, आणि कागद बंद म्हणजे माझी खोलीही बंद.

वज्दीने कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलं. आत धूळ, कोळ्याचं जाळं आणि जैतुनाचं एक सुकलेलं पान.

"हा चालतो?" त्याने विचारलं.

"तुमच्यापेक्षा बरा चालतो. निदान जैतुनांवर पाय देत नाही."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते हे मी पाहिलं, आणि पाहिलं म्हणून मला राग आला.

"खरं सांगू का, याच्यावर नवी सिस्टिम घालणं म्हणजे म्हाताऱ्या गाढवावर लग्नाचं कपाट लादणं."

"मग लादू नका!"

"संघ म्हणतो लादा."

"संघाला सांगा की या यंत्राची कंपनी बुडून सहा वर्षं झाली. नव्या सिस्टिमने यंत्राला ओळख दाखवली नाही तर कुणाच्या दारात जाऊ मी?"

"म्हणूनच आधी नकलेवर करून बघू. तुमची मूळ डिस्क काढून बाजूला ठेवतो. ती जपायची, जीव लावून."

डिस्क माझ्या हातात ठेवताना त्याची गार, ओली बोटं माझ्या बोटांना लागली. त्याने चटकन हात मागे घेतला आणि उगाचच स्क्रू मोजायला लागला...

मग सुरू झालं वाट पाहणं. दहा टक्के, तीस टक्के, एकसष्ट टक्के. तिथे गाडी अडली ती अडलीच. खिडकीशी माणसांची रांग वाढत होती.

"पोरी, माझा कागद?"

"कॉम्प्युटर आजारी आहे, काका."

"मग हा डॉक्टर काय करतोय?"

डॉक्टर पाव खात होता! आमचे मालक सी लमीन यांनी ताज्या तेलाची वाटी आणि पाव त्याच्यासमोर ठेवला होता आणि तो डोळे मिटून, चवीचवीने बुडवून खात होता.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "बाहेर लोक ताटकळलेत."

"वाटते. पण तेल फार छान आहे... किती आम्लता?"

"शून्य पूर्णांक तीन."

"आणि तुमची?"

खिडकीशी उभे असलेले काका खो खो हसले. मी वाटी उचलून सरळ आत नेऊन ठेवली.

दुपार कलताना सिस्टिम चढली एकदाची. उघडायला तिने नऊ मिनिटं घेतली, आणि यंत्राकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. वज्दीने निमूटपणे माझी जुनी डिस्क परत बसवली, कागद सुरू केले आणि म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो. काहीतरी सुचेल."

पुढच्या गुरुवारी तो गाबेस शहरातल्या संघाच्या कार्यालयातून एका भंगारातल्या कॉम्प्युटरची मेमरी काढून घेऊन आला. आता नवी सिस्टिम चार मिनिटांत उघडली. यंत्र तिला तरीही दिसेना. मी टेबलाखाली, तो टेबलाखाली, दोघं एकच वायर शोधतोय, आणि डोक्याला डोकं आपटलं.

"आई गं! पुन्हा डोळे घरी?"

"नाही, आज सोबत आहेत," तो हळूच म्हणाला. "म्हणूनच वायर सापडत नाहीये."

मी टेबलाखालून बाहेर आले. चेहरा गरम झाला होता आणि तो लपवायला मी त्याच्यावर खेकसले. "तुम्हाला हा खेळ वाटतो का हो? ही खोली बंद पडली तर नमुने लांब सफाक्स शहरात जाणार. चार-चार दिवस तेल पिंपात पडून राहील. आणि मला सफाक्सच्या कचेरीत एखादी खुर्ची मिळेल, नाहीतर घरी बसावं लागेल. घरी उम्मी, आईच ती, माझ्या लग्नासाठी आधीच एक दंतवैद्य शोधून बसलीय!"

तो यंत्राच्या वायरकडे, मग नेटवर्कच्या वायरकडे बराच वेळ बघत राहिला. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो."

तिसऱ्या गुरुवारी तो डाळिंबं घेऊन आला.

"ही कशाला?"

"गाबेसची आहेत."

"मी विचारलं कशाला, कुठली नाही."

"...कॉम्प्युटरसाठी," तो म्हणाला, आणि त्याच्या खळीसकट लाल झाला.

त्या दिवशी त्याने काय केलं देव जाणे. पाच वेळा तीच तार काढली, पाच वेळा तीच लावली. मी नमुने तपासत होते आणि तो माझ्या वाट्या पुसून देत होता. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. त्याने विचारलं, मी रसायनशास्त्र का शिकले. मी विचारलं, तो एवढा ओला का असतो, छत्री नाही का? खरं तर मला त्याच्याशी बोलायला आवडत होतं, आणि याचीच मला सर्वांत जास्त चीड येत होती. गुरुवार आला की माझा हात आपोआप काजळाकडे जायचा. उम्मी आरशातून बघायची आणि म्हणायची, "दंतवैद्याला फोन करू की नको करू?"

चौथ्या गुरुवारी सकाळीच ट्युनिसहून सी लमीनना फोन आला. ते माझ्या खोलीत आले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. "पोरी, बंद करायच्या प्रयोगशाळांची यादी झालीय. वज्दीच्या अहवालात 'होत नाही' आलं तर महिनाअखेर खोली बंद. बाकी अल्लाची मर्जी."

वज्दी आला तेव्हा मी यंत्र पुसत होते. रडत नव्हते, पण काजळाला कोण समजावणार.

"काय झालं?"

मी सांगितलं. दोन महिने मला धड झोप नाही, हेही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पांढरा पडला. त्याने पिशवीतून एक छोटा, ओरखडे पडलेला लॅपटॉप काढला.

"फर्मानात शब्द आहेत 'नेटवर्कवरचा प्रत्येक कॉम्प्युटर'," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमचा म्हातारा नेटवर्कवर नसलाच तर नियम त्याला लागूच नाही. त्याची वायर काढून टाकू. तो यंत्राजवळ राहील, जुन्या सिस्टिमवर, अगदी सुखाने. हा लॅपटॉप आम्ही काढून टाकलेला, याच्यावर हलकी, फुकटातली नवी सिस्टिम घातलीय. हा नेटवर्कवर राहील. आकडे पेन ड्राइव्हने इकडून तिकडे. पेन ड्राइव्ह आधी इथे तपासून घ्यायचा, बस."

त्याने वायर काढली. दहा मिनिटांत पहिला कागद ट्युनिसला पोचला. दहा मिनिटांत! मी त्या कागदाकडे बघत राहिले. आनंद झाला होता, पोटातून उकळी फुटावी तसा. आणि मग मनात काहीतरी खुटखुटलं.

"वज्दी... हे तुम्हाला कधी सुचलं?"

तो चष्मा पुसू लागला. चष्मा अगदी कोरडा होता.

"कधी?"

"दुसऱ्या गुरुवारी. टेबलाखालून तुम्ही बाहेर आलात तेव्हा."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"सांगितलं असतं तर काम त्याच दिवशी संपलं असतं. मग इथे येण्याचं कारण..." तो थांबला. "तारीख महिनाअखेरची होती. मला वाटलं, अजून दोन गुरुवार मिळतील. यादीचं मला ठाऊक नव्हतं."

"माझी धास्ती तर ठाऊक होती! मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं काय जाणार आहे माझं!"

"हो. ते ऐकूनही मी गप्प बसलो. चुकलो, ओल्फा. फार चुकलो."

"चालते व्हा."

तो गेला. डाळिंबासारखं काही आणलं असतं तर मी ते त्याच्या पाठीत मारलं असतं.

सोमवारी ट्युनिसहून फोन आला. खोली राहणार होती. वर सी लमीन डोकं खाजवत म्हणाले, "त्या पोराने अहवालात एक विचित्र ओळ लिहिलीय. उपाय दोन आठवडे आधीच हाती होता, उशीर सर्वस्वी माझा, प्रयोगशाळेच्या बाईंचा काही दोष नाही. साहेबांनी चांगलं झापलंय त्याला. कोण लिहितं गं असं स्वतःविरुद्ध?"

गुरुवार आला. तो आला नाही, येणार कशाला? काम संपलं होतं, मीच हाकललं होतं. तरी दिवसभर दार वाजलं की माझी मान वळत होती. त्या मानेचा मला इतका वैताग आला की मी एक नमुना दोनदा तपासला.

रविवारी, हंगाम म्हणून घाणा चालूच होता, तो आला. हातात पिशवी नाही, डाळिंब नाही, आणि आकाश लख्ख उघडलेलं. खिडकीच्या रांगेत सर्वांत शेवटी उभा राहिला. तासाभराने त्याचा नंबर लागला.

"तुमचं तेल?" मी विचारलं.

"नाही."

"कॉम्प्युटरची तक्रार?"

"नाही. तो बरा आहे ना?"

"माझ्यापेक्षा बरा आहे. मग कशाला आलात?"

त्याने खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. "मागे खोटं कारण घेऊन येत होतो. आज कारण नाहीये. तुम्ही मला आवडता, एवढंच आहे. हे दुसऱ्या गुरुवारीच सांगायला हवं होतं, वायरीबरोबर. आता जा म्हणालात तर जातो, परत त्रास देणार नाही."

मागे सी लमीन टोपीआड तोंड लपवून खोकले. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं पुष्कळ शिल्लकही होतं.

"पुन्हा कधी," मी म्हणाले, "मला ठाऊक असायला हवी अशी गोष्ट पोटात ठेवलीस, तर याद राख."

त्याने मान वर केली. "ठेवलीस?"

"बहिरा आहेस का?"

संध्याकाळी मी त्याला टॅक्सीतळापर्यंत सोडायला गेले. उम्मीला काय सांगायचं ते वाटेत ठरवत होते. दंतवैद्याला आता नकार कळवावा लागणार होता. ड्रायव्हर ओरडत होता, "गाबेस! एकच जागा! एकच!" वज्दी हलला नाही. ती गाडी भरली आणि गेली. दुसरी लागली, तीही भरली, तीही गेली.

"अरे, जा ना आता!" मी वैतागून म्हणाले. "शेवटची गाडी चुकेल."

"जातो," तो म्हणाला, पण मीच त्याचा हात अजून सोडला नव्हता.