टेपचं दुसरं टोक

आमचं शहर सध्या बाळसं धरतंय. त्यापायी बाजारपेठेचा मुख्य रस्ता रुंद व्हायचा होता आणि चपलांचं दुकान नि मोबाइलचं दुकान यांच्यामध्ये ऐटीत उभी असलेली जुनी बँक आड येत होती. सहा दगडी खांब, वर घुमट, आत पितळी जाळीचे काउंटर. माझा तिच्यावर भारी जीव. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत तिचे मोजून काढलेले पूर्ण नकाशे वारसा समितीला मिळाले तर ती वाचणार होती. नाहीतर सोमवारी पाडकाम.

बँकेचा कारभार कधीच दुसरीकडे गेला होता. रिकाम्या इमारतीत आम्ही दोघंच: मी आर्किटेक्ट आणि माझे बाबा, निवृत्त ड्राफ्ट्समन. एकानं टेपचं टोक भिंतीला लावून "शून्य" म्हणायचं, दुसऱ्यानं आकडा वाचायचा, पहिल्यानं तो परत म्हणायचा, मगच लिहायचा. हा बाबांचा नियम मी फ्रॉकमध्ये असल्यापासूनचा.

तीन वाजता तिजोरीची खोली तेवढी उरली. लांबट, अंधारी, एकच दार.

"बाबा, टोक आत न्या," म्हणत मी दारातच वहीत डोकं खुपसलं. टेप सरसर आत गेली.

"शून्य!"

त्या खोलीत कुणाचाही आवाज घागरीतून आल्यासारखाच यायचा.

"एकोणीस फूट चार इंच!" मी वाचलं.

"एकोणीस फूट चार इंच."

मग एकेका कोनाड्यापर्यंतचं अंतर. पंधरा मिनिटांत नऊ मापं! बाबांच्या गुडघ्यांना आज पंख फुटले होते की काय, कोण जाणे.

"शाब्बास, बाबा!"

"कशाबद्दल गं?"

आवाज माझ्या मागून आला. बाबा रस्त्याकडच्या दारातून आत येत होते, हातात पेन्सिल आणि कागद. "समोरच्या फुटपाथवरून खांबांची नक्षी उतरवत होतो. तू हाक मारलीस का?"

माझ्या हातातली टेप ताठ होती.

बाबांनी टेपकडे पाहिलं, मग माझी वही घेतली. बाहेरच्या मापातून भिंतींची जाडी वजा केली.

"बिनचूक आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

खरं सांगते, भीती होतीच, पण आनंदही झाला होता. नकाशा पुरा झाला होता. बँक वाचली होती.

"गुंडाळ आता," बाबा म्हणाले.

मी टेपची मूठ फिरवू लागले. सुटलेलं टोक फरशीवर खरडत येतं.

हे खरडलं नाही. टेप कमरेएवढ्या उंचीवर ताणलेलीच राहिली आणि मी गुंडाळत होते तशी, पावलापावलानं, दाराकडे येऊ लागली.