दारातला चमचा

माझ्या बहिणीची मुलगी दुन्या वुकाशिनला पहिल्यांदा भेटली ती त्याच्या अकॉर्डियनवर बसून.

म्हणजे अकॉर्डियनच्या पेटीवर. आमच्या वाल्येवो गावात ऑक्टोबरातला बारीक पाऊस लागला होता. दुन्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर काम करायची. त्या दिवशी तिथं कुणाचा तरी वाढदिवस होता. सगळे बघत होते, नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून तिनं केकचा एवढासा तुकडा तोंडात टाकला. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत छाती धडधडायला लागली, कपाळावर घाम फुटला. बेकरीच्या पत्र्याखाली एक काळी पेटी आडवी ठेवलेली दिसली. ती मटकन तिच्यावर बसली.

पेटीचा मालक गरम पावाची पिशवी घेऊन बेकरीतून बाहेर आला. उंच, जरा वाकलेला, चष्म्यावर वाफ धरलेली. ती उठायला गेली.

"उठू नका," तो म्हणाला. "बसलाच आहात तर बसा. फक्त डावीकडं जोर जरा कमी द्या. तिकडं खर्जाची बटणं आहेत."

"मला... उकडतंय," दुन्या म्हणाली.

त्यानं पावसाकडं पाहिलं. तिनं घातलेल्या लोकरीच्या कोटाकडं पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "यंदा उन्हाळा लांबलाय."

आणि पाऊस ज्या बाजूनं आत येत होता त्या बाजूला जाऊन तो पाठमोरा उभा राहिला, तिचा रंग परत येईपर्यंत. एकदाही वळून पाहिलं नाही. हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं – तो बघत नव्हता, मावशी.

बघणं म्हणजे काय ते दुन्याला फार चांगलं ठाऊक होतं. तिची आई, माझी धाकटी बहीण, लवकर गेली. पोर माझ्याकडं वाढली, आणि खरंच वाढली, आडवी. पोस्टाच्या खिडकीतून लोक आधी तिच्याकडं बघायचे, मग पुढच्या माणसाकडं बघून भुवया उडवायचे. ती त्यांच्या आधीच स्वतःवर विनोद करायची आणि गडगडून हसायची. तिचं हसणं रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात ऐकू जायचं. मग गुडघे दुखायला लागले, रक्तदाब वाढला, आणि एका उन्हाळ्यात तिनं बेलग्रेडला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाची छोटी पिशवी केली, अंड्याएवढी, आणि तिला आतडं जोडलं. गावात तिनं सांगितलं, मी गरम झऱ्यांच्या पाण्याला गेले होते. वर्षभरात ती निम्मी झाली, आणि आमच्या गल्लीतल्या तीन बायका त्या झऱ्यांना जाऊन तशाच परत आल्या.

झऱ्याचं पाणी पिऊन कुणाचे केस गळत नाहीत. जरा भरभर जेवलं तर घास छातीत अडकत नाही. आणि चमचाभर साखरेनं कुणी रस्त्यात बसत नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं – आता गोड पोटात थांबत नाही, धावत सुटतं, आणि तुमचं शरीर त्याच्यामागं धावतं. तिला भीती त्या धावण्याची नव्हती. कुणीतरी विचारेल, ही भीती.

ती हसायचीही थांबली होती. हे मात्र माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

वुकाशिन दुसऱ्या दिवशी पोस्टात आला आणि एक तिकीट घेऊन गेला. मग रोज एक. तो संगीतशाळेत अकॉर्डियन शिकवायचा. शेजारच्या खिडकीतली बाई म्हणायला लागली, मास्तर, कुणाला एवढी पत्रं लिहिता, सैन्यात आहे का कुणी? तो म्हणायचा, अजून पत्ता मिळाला नाही, मिळाला की सगळी एकदम लावीन.

मग दोघं नदीकाठानं फिरायला लागली. तो मिठाईच्या दुकानाशी थांबायचा, ती पुढं चालत राहायची. तिची कॉफी नेहमी बिनसाखरेची. तो म्हणायचा, तुझं नाव एका फळाचं आणि चव मात्र सगळी कडू. दुन्या म्हणजे आमच्याकडचं एक पिवळं फळ. कच्चं खाल्लं तर तोंड आवळतं, पण कपाटावर नुसतं ठेवलं तरी हिवाळाभर खोलीला वास देतं. चालताना तिचा हात त्याच्या कोटाच्या खिशात असायचा. तेवढंच. मी जुन्या काळची, तरी मलाही ते जरा कमीच वाटायचं.

"सांगून टाक त्याला," मी म्हणायचे.

"सांगेन... आधी त्याला मी आवडू तर दे."

"अगं, आवडतेस म्हणून तर तो तिकिटं घेतोय."

"त्याला ही आवडते, मावशी," ती आरशाकडं बोट करून म्हणाली. "ती नाही. ती आधीची जाडी दिसली की तो जाईल."

नोव्हेंबरात वुकाशिनच्या आईनं आम्हा दोघींना घरी बोलावलं. रोसांदाबाई नदीपलीकडं जुन्या पेठेत राहायच्या – विधवा, ताठ, पांढऱ्याशुभ्र कॉलरच्या. घरात दोन शेजारणी आधीच येऊन बसलेल्या, मुलगी बघायला. दार उघडलं आणि आम्ही कोट काढायच्या आत रोसांदाबाई चांदीचं तबक घेऊन समोर उभ्या राहिल्या.

आमच्याकडं पहिल्यांदा घरात येणाऱ्याचं तोंड दारातच गोड करतात. तबकात वाटी, वाटीत पाकातलं फळ, बाजूला चमचे आणि पाण्याचे पेले. एक चमचा खायचा, पाणी प्यायचं, चमचा पेल्यात सोडायचा. याला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. दारूला नाही म्हणता येतं, लग्नालासुद्धा म्हणता येतं, या चमच्याला नाही.

"तुझ्याच नावाचं केलंय," रोसांदाबाई म्हणाल्या. "दुन्याचं. दुन्यानं दुन्या खावी."

मी दुन्याच्या कोपराला हात लावला. तिनं चमचा नुसता टोकाला बुडवला. रोसांदाबाईंनी तो तिच्या हातून घेतला, काठोकाठ भरला आणि लहान मुलीला भरवावा तसा तिच्या तोंडात घातला.

पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि मी काही करू शकत नव्हते. आम्ही बसलो. वुकाशिन अकॉर्डियनचे पट्टे सोडवत होता, अधूनमधून तिच्याकडं बघत होता. कुणीतरी छोट्या पेल्यांतून राकिया, आमच्याकडची फळांची दारू, फिरवली. दुन्यानं पेला हातानं थोपवला. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग मेणासारखा. ती उठली, खुर्चीचा आधार घेत कशीबशी न्हाणीघरात गेली, आणि बराच वेळ आतून फक्त नळाचा आवाज येत राहिला.

शेजारणींनी एकमेकींकडं पाहिलं. राकिया नको, चेहरा पांढरा, धावत आत... आमच्या गावात याचा एकच अर्थ होतो.

ती बाहेर आली तेव्हा रोसांदाबाई दाराशीच उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी, पण हसू. तिचा ओला चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"वेडे," त्या म्हणाल्या, "लाजतेस कशाला? माझ्यापासून कशाला लपवायचं? कितवा?"

एक शब्द पुरेसा होता. नाही. तेवढाच. दुन्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्या अनोळखी बायकांकडं पाहिलं – आणि मान खाली घातली.

वुकाशिनच्या हातातला अकॉर्डियन नुसताच उघडला आणि त्यातून मोठा श्वास सोडल्यासारखी हवा गेली. त्याच्या आईला वाटलं पोरगा आनंदानं गोंधळलाय. पण खिशातल्या हातानं दिवस जात नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

घरी आल्यावर मी चिडले. फार क्वचित चिडते मी.

"पोटुशी बाईकडं लोक प्रेमानं बघतात, मावशी," ती कोट न काढताच बोलत होती. "पोट कापून घेतलेलीकडं कसे बघतील? हिला तोंड आवरता आलं नाही, म्हणून डॉक्टरकडून शिवून घेतलं, असंच ना? मला दोन्ही लाजा समोर दिसल्या. मी त्यातली हलकी उचलली."

"आणि तो?"

ती कोटाची बटणं काढायला लागली.

त्या आठवड्यात तिकिटं घ्यायला कुणी आलं नाही. रोसांदाबाई मात्र पोस्टात आल्या आणि खिडकीतून बाळाचे पिवळे लोकरी मोजे आत सरकवून गेल्या. पेठेत, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडं बातमी गेली होती. दुन्या घरी येऊन ते मोजे मांडीवर घेऊन बसली. बोटभर लांबीचे. मग तोंडावर धरून रडली.

रविवारी दुपारी वुकाशिन आला. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि शेजारच्या खोलीत भरतकाम घेऊन बसले. दार लोटलं होतं, लावलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईला तेवढं माफ असतं.

खिडकीवर पाऊस. मग त्याचा आवाज आला, हळू, शब्द जुळवत.

"मी खूप विचार केला. कुणाचं आहे ते मी विचारणार नाही. तुला सांगायचं असेल तर सांग, नसेल तर... नको. आईला वाटतंय माझं आहे. वाटू दे. मला चालेल, दुन्या. म्हणजे चालेल असं नाही – मला हवंय. तू असशील तर."

माझी सुई थांबली.

"मूल नाहीये," दुन्या म्हणाली.

"म्हणजे... गेलं?"

"नव्हतंच." आणि मग तिनं सगळं सांगितलं. बेलग्रेड, अंड्याएवढी पिशवी, गळणारे केस, पाकाचा एक चमचा. पोटावरची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, तेसुद्धा. शेवटी म्हणाली, "तू दुसऱ्याचं मूल घ्यायला निघालास, आणि मला एक जुना फोटो दाखवायची हिंमत झाली नाही. मी आधी कशी होते ते तुला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे," वुकाशिन म्हणाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी संगीतशाळेत नवा लागलो तेव्हा पार्सल पाठवायला तुझ्या खिडकीशी यायचो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता उलटा लिहिला म्हणून तू मला एवढं हसलीस की मागची रांगसुद्धा हसायला लागली. त्यानंतर दोन वेळा मी मुद्दाम उलटा लिहिला. मग मधे वर्ष गेलं, आणि आलो तर खिडकीत दुसरीच कुणी बसलेली, न हसणारी; मी दारातूनच परतलो. मला वाटलं तुझी बदली झाली. त्या पावसात तू म्हणालीस, उकडतंय – आणि मी ओळखलं. आवाज तोच होता. आवाजाचं वजन कमी झालं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू लपवत होतीस. मला वाटलं, ज्या दिवशी हसेल त्या दिवशी सांगू." तो थांबला. "तिकिटांनी पाकीट भरलं माझं. तू काही हसेनास."

मी भरतकाम गुंडाळलं आणि मुद्दाम खोकत, पायांचा आवाज करत बाहेरच्या दारानं अंगणात गेले.

राहिल्या रोसांदाबाई. वुकाशिननं आईला खरं सांगितलं. दोन दिवस त्यांनी खिडकीचे पडदेही उघडले नाहीत. मग मीच गेले. त्या स्वयंपाकघरात ताठ बसल्या होत्या.

"मी अख्ख्या पेठेला सांगितलं," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आता कुठल्या तोंडानं बाहेर पडू?"

"तीही हेच म्हणते," मी म्हटलं. "तुम्हाला सांगितल्याची लाज, तिला न सांगितल्याची."

"माझ्या हातचं खाऊन पोरगी मरायला टेकली. माझ्या हातचं." त्यांनी स्वतःच्या हातांकडं असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. त्यांनी मान वर केली. "मग ती खाते तरी काय?"

थोडं थोडं सगळं खाते, मी सांगितलं. चावून चावून. अंडं, चीज. असा त्रास झाला की मग नुसतं कोंबडीचं सूप.

"कसलं सूप? गाजर घालता का? आणि कोंबडी कुठून आणता, बाजारातून?" त्यांनी नाक मुरडलं. मला कळलं, काम झालं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पूल ओलांडला. दुन्या माझ्या दंडाला इतकी घट्ट धरून होती की वळ उठले. पिवळे मोजे परत द्यायला तिनं पर्समध्ये घेतले होते. दाराशी वुकाशिन उभा होता, आणि त्याच्यापुढं, कॉलर इस्त्री केलेली, त्याची आई. हातात तेच चांदीचं तबक. तीच वाटी, चमचे, पाण्याचे पेले. शेजारणी आपापल्या फाटकांतून बघत होत्या. दुन्याची पावलं जागीच खिळली.

मग मला वाटीतून वाफ निघताना दिसली.

"रिकाम्या तोंडानं माझं दार कुणी ओलांडत नाही," रोसांदाबाई म्हणाल्या, तेही फाटकांपर्यंत पोचेल अशा आवाजात. "गोड सोसत नाही तर नको. यात मीठ आहे. कोंबडी घरची आहे."

दुन्यानं चमचा उचलला. सोनेरी सूप, वर अजमोद्याचं एक पान. ती हळू प्याली, अगदी हळू, सगळ्यांच्या देखत. मग तिनं चमचा रीतीप्रमाणं पाण्याच्या पेल्यात सोडला, आणि स्वच्छ पाण्यावर तेलाचे दोन गोल डोळे तरंगत वर आले. तिनं ते पाहिले. मोजे पर्समधून काढून रोसांदाबाईंपुढं केले.

"ठेव तुझ्याकडंच," त्या पुटपुटल्या. "लोकर टिकते."

आणि दुन्या हसली. आधी नाकातून, थांबवायचा प्रयत्न करत... मग धरण फुटावं तशी, गडगडून. फाटकातल्या शेजारणी दचकल्या. कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

वुकाशिननं चष्मा काढला. "मावशी, ऐकलंत?" तो मला हळूच म्हणाला. "हीच ती."

रोसांदाबाईंनी तबक खाली ठेवलं नाही. तिचं हसू पुरतं ओसरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी वाटीवर बशी झाकली.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "आधी आत ये, बस. मग दुसरा चमचा."