बाविसावा पाव

"आजी, पाळणाघरात तुमचे पाव जातात बावीस. मुलं बावीस. रक्तात शिसं सापडलं एकीच्या, आणि ती नेमकी तुमची नात. हे कसं?"

अन्न निरीक्षकबाई उत्तराची वाट पाहत बसल्या.

आजी घरीच पाव भाजायच्या, आत आंबट सफरचंदाचं सारण भरून. चार दिवसांपूर्वी नातीचा अहवाल आला आणि भाजणं थांबलं. लेकीने बजावलं होतं, कारण सापडेपर्यंत पोर या घरात पाऊल टाकणार नाही.

"पीठ, सारण, पाणी, सगळं स्वच्छ निघालं. तिच्या घरच्या भिंतींचा रंगसुद्धा. मग तिच्याच पावात वेगळं काय?"

"माया," कोपऱ्यातून आजोबा म्हणाले. जन्मभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. आता घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

"तुम्ही गप्प बसा हो! वेगळं काही नाही, बाई. बाकीचे ट्रेवर भाजते, तिचा तेवढा माशाच्या साच्यात. लाडकी ना."

"साचा दाखवा."

आजींनी कपाट पालथं घातलं. "इथंच तर असतो. गेला कुठं?"

"भांडी कोण घासतं?"

"हे. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर सुचलं, पण घासतात."

आजोबा हसले नाहीत. बाईंनी ते मनात टिपलं.

त्यांनी ओव्हन उघडला. तळाशी जळक्या पाकाचे डाग.

"साचा गळायचा," आजी म्हणाल्या. "भोक होतं. मग थांबला आपोआप."

"साचे आपोआप बरे होत नाहीत, आजी."

डागांजवळ एक करडा मणी चिकटला होता. बाईंनी तो चिमट्याने उचलून कागदावर ओढला. पेन्सिलीसारखी रेघ उमटली.

"प्रयोगशाळा सांगेलच, पण हा रेडिओच्या तारा जोडायचा डाख आहे. त्यात शिसं असतं. ओव्हनमध्ये तो वितळतो, आंबट सारणात उतरतो. आजोबा, भोक तुम्ही बुजवलंत, ती चूक. पण अहवाल आल्यावर साचा लपवलात, त्याला चूक म्हणत नाहीत. आम्ही भिंती खरवडत बसलो, लेक आईला दोष देत राहिली आणि तुम्ही ऐकत होतात."

आजोबांनी हत्यारांच्या पेटीतून साचा काढून टेबलावर ठेवला.

"वाटलं, कळलं तर पोर पुन्हा माझ्या मांडीवर बसणार नाही."

"आणि माझ्या मांडीवर नसती बसली, तर चाललं असतं?" आजींनी विचारलं.

बाईंनी साचा सीलबंद केला. "डॉक्टरांना आजच कळवते. शिसं आणखी पोटात जायचं तरी थांबलं."

आजींनी लेकीला फोन लावला आणि तो नवऱ्याच्या हातात कोंबला.

"अगं, मी काय बोलू?"

"बोलू नका. चार दिवस मी जे ऐकलं, ते आता तुम्ही ऐका."

पलीकडून लेकीचा आवाज आला, "आई, आता काय आणखी?"

आजोबांनी घसा खाकरला. "आई नाही, बाळा. मी."