प्रमाद-रुग्ण

नाशिकच्या दूरशिक्षण प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एक बाई खाटेवर बसली होती. ती खरी नव्हती. संगणकाने तिला वय दिले होते बेचाळीस, आवाज घोगरा, पापण्या किंचित सुजलेल्या. जव्हारजवळच्या उपकेंद्रातून प्रमिला वरठा या परिचारिकेने तिला तपासून शेरा दिला होता : 'आजार नाही. विश्रांती घ्यावी.'

"तिसऱ्यांदा नापास," शालन ठोंबरे म्हणाल्या. प्रगत परिचारिकांचा हा अभ्यासक्रम त्यांनीच आखला होता. तो पूर्ण करणारीला डॉक्टर नसलेल्या गावात स्वतः निदान करून औषध देता येई. तीनदा नापास होणारीचे नाव मात्र कायमचे कमी होई. "आता फक्त माझी सही राहिली."

"त्याआधी हे बघा, मॅडम," प्रणाली रचणारा इक्बाल नदाफ म्हणाला. "रुग्ण कसा घडतो, माहीत आहे ना?"

"दहा वेळा ऐकवलंयत तुम्ही! विद्यार्थिनीच्या आधीच्या चुका गोळा करून यंत्र पुढचा रुग्ण बनवतं. प्रमाद-रुग्ण. जे सुटलं, तेच पुन्हा समोर."

"बरोबर. दोनशे रुग्णांत वरठा सिस्टरांच्या नजरेतून क्षय सुटला नाही, सर्पदंश सुटला नाही. सात लक्षणं मात्र दरवेळी सुटली. थकवा, केस गळणं, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठता, घोगरा आवाज, सकाळची सूज, मंद नाडी."

"थायरॉइड कमी पडतंय. पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल."

"मग त्या का सांगत नाहीत?" नदाफ जरा अडखळला. "मला वैद्यकातलं कळत नाही. पण माणूस 'सामान्य' कशाला म्हणतो? जे रोज स्वतःच्या अंगावर वागवतो, त्याला."

शालनबाईंनी पडद्यावरच्या बाईच्या सुजलेल्या पापण्यांकडे पुन्हा पाहिले. मग त्यांनी जव्हारला दृक्संपर्क लावला.

"गेले का मी, मॅडम?" प्रमिलाने विचारले. आवाज घोगरा होता.

"ते नंतर. आधी स्वतःची नाडी मोजा. पूर्ण मिनिट."

प्रमिलाने मनगटावर बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहत मोजले.

"पन्नास."

"थंडी वाजते?"

"जव्हारला वाजतेच की, मॅडम."

"मे महिन्यात?"

प्रमिलाने अंगावरच्या स्वेटरकडे पाहिले. "दोन वर्षं झाली. मला वाटलं, कामाचं असेल."

"उद्या रक्त तपासून घ्या. उपचार लागू पडले की पुन्हा परीक्षा. तोवर मी सही करत नाही."

"म्हणजे सिस्टर नापास, पण निदान पास," नदाफ हसला.

प्रमिला हसली नाही. "मॅडम, एक विचारू? निकालात माझ्या आठ चुका दाखवल्यात. सात मान्य. पण आठवी पटत नाही."

"आठवी कुठली?"

"ती मी यादीत धरली नव्हती," नदाफ म्हणाला. "ते सुटलेलं लक्षण नाही, जास्तीचं आहे. सिस्टरांनी साध्या गोष्टीला आजार म्हटलं होतं."

"एका बाईंना झोपताना तीन उशा लागत होत्या," प्रमिला म्हणाली. "आडवं पडलं की दम लागायचा. मी लिहिलं, हृदय तपासा. तुमच्या आदर्श उत्तरात आहे, वयोमानानुसार सामान्य."

"अहो, साठीला आल्यावर लागतातच."

"कोणाला, मॅडम?"

नदाफने आदर्श उत्तराचे पान उघडले आणि हात मागे घेतला. उत्तरे लिहिणारीचे नाव खाली होते : शालन ठोंबरे. तिच्या चुका शोधायला या यंत्रात दुसरी उत्तरपत्रिका नव्हती.

"तुम्ही किती उशा घेता?" प्रमिलाने विचारले.

शालनबाईंनी चष्मा काढला.

"तीन."

प्रमिलाने कोरा केसपेपर पुढे ओढला.

"कधीपासून?"