झिलूच्या जीपचा धूर

रामनगरात पेट्रोल पंपाशेजारी पत्र्याची एक खोली आहे. तिथं गाड्यांचा धूर तपासतात. मशीन रूपाली सांभाळते. त्या दुपारी तिने जेवणाचा डबा उघडला आणि नेमकी तेव्हाच दारात एक जीप येऊन अशी खोकली, की हातातली भाकरी काळी झाली.

"अवो भाऊ, बंद करा ती! माणूस जेवतंय, दिसत न्हाई?"

जीपमधून उंच, सडपातळ तरुण उतरला. बाजारकुणंग गावाकडचा कुणबी होता, नाव झिलू. भाकरीकडे बघून त्याचा चेहराच पडला.

"झाडून देऊ काय, मॅडम?"

रूपालीला हसू आलं. तिने मान वळवून ते लपवलं आणि नळी उचलली.

नळी सायलेन्सरात घालायची, गाडीला जोरात रेस द्यायची आणि मशीनवर आकडा बघायचा, एवढंच काम. इतक्या जुन्या डिझेल गाडीला पासष्टपर्यंत सूट असते. झिलूचा आकडा आला ब्याण्णव.

"म्हणजे पास?"

"शाळेत असता तर पास. हितं जितका जास्त तितका नापास."

तिने बॉनेटवर तळवा ठेवला आणि चकित झाली. "इतक्या लांबून आलात आणि इंजिन गार कसं?"

"उताराला बंद करतोय की. आमच्याकडं सगळीच करतेत. गाडी आपसूक पळती, मग डिझेल कशाला जाळायचं?"

"म्हणून ही काळं ओकती, भाऊ. इंजिन तापवायचं असतंय. अनमोडच्या रस्त्याला चढावर दुसऱ्या गियरात दामटून आणा."

"तुम्ही बी चला. सवयीनं मधीच बंद केली तर?" तो थांबला, मग खाली बघत म्हणाला, "आणि ते भाऊ तेवढं... नका म्हणू. धूर पास न्हाई झाला तरी चालंल."

जायचं नाही, असं रूपालीने मनात दोनदा ठरवलं आणि दाराला कुलूप लावलं.

जंगलातल्या रस्त्याला झाडांवरून पाणी ठिबकत होतं. जीप ओरडत चढत होती, त्यामुळे बोलायचं तर जवळ वाकून बोलावं लागत होतं. झिलूने सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. जीप त्याच्या बापाची. बाप गेला. वाडीतली बाळंतीण असो की भाताचं पोतं, तिथून बाहेर न्यायला हीच एक गाडी. महिन्याअखेर तिचे कागद संपत होते, आणि धुराचा दाखला नसेल तर नवे कागद नाहीत.

"मग?"

"मडगावचा एक ट्रकवाला बोलावतोय. पहिल्या तारखेला सोमवारी हजर व्हायचं."

रूपाली बाहेर बघू लागली. हा माणूस तासापूर्वी तिला माहीतही नव्हता. मग तो मडगावला गेला तर तिला काय त्याचं?

परत येऊन बघितलं, एक्क्याऐंशी.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. मिस्त्रीकडून इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ करून घेतले होते, फिल्टर बदलला होता. सोबत रानातले कंद आणले होते, पानात बांधून. "उकडून खा. धूर लागलेला न्हाई त्याला," तो म्हणाला. आकडा त्र्याहत्तर आला. दोघंही त्या आकड्याकडे बघत बसली... आणि मग एकमेकांकडे. मिस्त्रीने सांगूनच टाकलं होतं, इंजिन दमलंय, नवं घालावं लागेल. त्यापेक्षा दुसरी जीप स्वस्त.

शेवटच्या शनिवारी झिलू तिसऱ्यांदा आला. वाटेत एकदाही इंजिन बंद केलं नव्हतं. बॉनेटला हात लावता येत नव्हता. रूपालीने नळी घातली, त्याने रेस दिली.

अडुसष्ट.

पुन्हा केलं. पुन्हा अडुसष्ट.

एक उपाय रूपालीला ठाऊक होता. नळी वीतभर बाहेर ओढायची. निम्मा धूर हवेत जातो आणि आकडा गपकन उतरतो. मालकाच्या ओळखीची गाडी आली, की मालक तेच करायचा. तिने आजवर केलं नव्हतं. तिचा हात नळीकडे गेला. झिलू सीटवरून उतरून मागे आला, त्याने तिचं मनगट धरलं.

"नको."

"तीनच आकडे हाईत, झिलू!"

"कागदावर तुझं नाव छापतंय. उद्या कुणी पकडलं तर मी मडगावात, आणि तू?"

त्याचा हात मनगटावर तसाच राहिला. मशीनमधून कागद बाहेर आला. नापास.

दोघं जीपच्या पायरीवर बसली. मग रूपालीच म्हणाली, "मला संगं न्यायचं नसंल तर नका नेऊ. पण विचारा तरी."

"काय तोंडानं विचारू? गाडी बी न्हाई आता."

"गाडी बघून कोण भुललंय? तिचा धूर मीच मोजलाय."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "येशील, रूपाली?"

"व्हय."

रविवारी तो एसटीने तिच्या घरी आला. तिचे वडील, दत्तात्रय, अंगणात सुपाऱ्या सोलत होते. सगळं ऐकून घेतलं. ट्रकवाल्याकडे राहायला खोली नाही, ट्रकमध्येच झोपायचं, हेही झिलूने लपवलं नाही.

"पोरीला ट्रकात झोपवणार हाईस?"

"न्हाई, मामा."

"मग खोली कर, आणि ये. दिवाळीपतोर थांबतो. पुढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. स्थळं यायला लागलीत."

दिवाळीला तीन महिने होते. एवढ्यात खोलीपुरते पैसे जमणार नाहीत, हे झिलूलाही कळत होतं आणि रूपालीलाही. तरी दोघांनी मान हलवली.

सोमवारी सकाळी ती स्टँडवर गेली. तो पिशवी घेऊन गोव्याच्या गाडीत चढला आणि खिडकीशी बसला.

"जा आता. खोलीपुढं गाड्या लागल्या असतील."

"लागू द्या."

"रूपाली, दिवाळीपतोर न्हाई जमलं तर..."

"तर काय?"

तेवढ्यात गाडी सुटली. तो पुढं काय म्हणाला, ते इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. वळणापर्यंत खिडकीतला हात दिसला, मग रस्ता रिकामा झाला.

रूपालीने खोली उघडली. त्या दिवशी अकरा गाड्या आल्या. तिने सगळ्यांत नळी पुरती घातली, आकडे लिहिले, कागद दिले. संध्याकाळपर्यंत एकाही गाडीवाल्याचं तोंड तिने वर मान करून बघितलं नाही.