दोन मिनिटांचं अंतर

पहिल्या भेटीत तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. अंगातल्या पांढऱ्या अंतराळ-पोशाखाची चेन मानेपासून कमरेपर्यंत उसवलेली.

"लवकर शिवाल का? बाहेर चाळीस मुलं बसलीत आणि मी अंतराळवीर आहे असं त्यांना सांगून आलोय."

"पाठ उघडी टाकून फिरणारा अंतराळवीर पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "हलू नका."

पोशाख काढायला वेळ नव्हता, म्हणून तिने तो अंगावरच शिवला. कात्री हाताशी सापडेना, तेव्हा धागा दातांनी तोडायला ती त्याच्या मानेजवळ झुकली... साबणाचा वास आला, आणि का कोण जाणे, ती तशीच झुकून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, झालं का? मघाशीच झालं होतं.

अंतराळ शिबिरात ती नवी होती. आठवडाभर शाळेची मुलं, रविवारी अख्खी कुटुंबं आणि महिन्याच्या शेवटी फक्त मोठी माणसं – असा तिथला क्रम. गरगर फिरणाऱ्या खुर्चीत सगळ्यात मोठ्यानं ओरडायचे ते मोठेच. ती मागच्या खोलीत बसून नारिंगी पोशाख उसवायची, आखूड करायची, कोपरांना ठिगळं लावायची, लहानग्यांच्या खिशांतून वितळलेली चॉकलेटं काढायची. शिबिरातले झाडून सगळे तिला 'ताई' म्हणत. तो मात्र म्हणायचा नाही. मुलांचा हा लाडका कमांडर तिच्या दाराशी आला की नुसता घसा खाकरायचा, आणि फारच अडलं तर "अहो..." म्हणायचा.

"अहो काय, अहो? लग्न झालंय का आपलं?" तिनं एकदा झटकलं. पण झटकून झाल्यावर तिचीच मान मशीनवरून वर होईना.

मग बटणं तुटू लागली. आठवड्याला एक. चौथं हातात घेऊन तिनं ते उजेडात धरलं आणि म्हणाली, हे तुटलेलं नाही, ब्लेडनं कापलंय. त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की हा एक शास्त्रीय प्रयोग आहे आणि निष्कर्ष निघायला अजून बरीच बटणं लागतील.

सहा महिने हा प्रयोग चालला. त्यापुढे काही कुणी बोललं नाही. ती दुपारी घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना भरवून यायची. तो तेवढा वेळ बाहेरच्या पायरीवर उगाच रेंगाळायचा, आणि ती आली की आत्ताच आल्यासारखा आत वळायचा.

आणि मग ते पत्र आलं.

पृथ्वीच्या पार टोकाला, बर्फात, एक बंद घर होतं. परग्रहावर माणसं कशी राहतील हे बघायला तिथं आठ जणांना अडीच वर्षं ठेवणार होते. त्यानं तीनदा अर्ज केला होता. तिसऱ्यांदा निवड झाली, आणि वयामुळे चौथी खेप नव्हती. सोबत कुणाला नेता येत नाही, येऊन भेटता येत नाही. हो की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं. त्यानं हे सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. तिनं अभिनंदन केलं, अगदी व्यवस्थित केलं. फक्त एका बाहीवर इस्त्रीचा तपकिरी डाग उठला.

शुक्रवारी दुपारी नियंत्रण कक्षातला मुलगा तापानं घरी राहिला. मोठ्यांच्या मंगळ मोहिमेआधी यंत्रणा तपासायची होती. तो शिबिरातल्या नकली यानात बसला, आणि इकडे माइकसमोर तिला बसवलं.

मंगळाच्या खेळाची गंमत अशी, की इथं बोललेलं तिथं दोन मिनिटांनी पोचतं, आणि तिथलं इथं यायलाही दोन मिनिटं. संगणक शब्द धरून ठेवतो. एकदा बोललेलं मागे घेता येत नाही. म्हणून नियम एकच – विचारलं की चार मिनिटं गप्प बसायचं, मध्ये बोलायचं नाही. नवख्यांना हे जमत नाही. शांतता खायला उठते, आणि ते बोलून बसतात.

तिनं विचारलं, आवाज येतोय का? आणि वाट बघू लागली.

एक मिनिट. दोन. समोर चेहरा नव्हता, नुसतं बटण होतं... तिसऱ्या मिनिटाला तिच्यानं राहवलं नाही. अवघड गोष्ट एकदाची उरकावी, तशी ती बोलून गेली, "तुम्ही जा. मनात काही ठेवू नका. इथं कुणाचं काही अडत नाही."

मिनिटभरानं त्याचा आवाज आला.

"येतोय आवाज. ऐक... समोर आलीस की मला नुसते विनोद सुचतात. म्हणून इथून बोलतोय. तू राहा म्हणालीस तर मी राहीन. आत्ताच तसं कळवतो. बोल."

'तू' म्हणाला. पहिल्यांदा.

मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. तिचं 'जा' वाटेतच होतं. अजून अर्ध्या मिनिटानं ते त्याच्या कानांवर पडणार होतं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर होऊन. तिनं बटण दाबलं.

"ते उत्तर नव्हतं. तुमचं ऐकायच्या आधी बोलले मी. राहा... राहा ना रे."

आणि ती यानाकडे धावली.

ती पोचली तोवर दार उघडून तो बाहेर आला होता. डोळे ओले, आणि तरी चेहरा असा लख्ख, की ती जागीच थांबली.

"सुटलो बघ," तो म्हणाला. "तू जा म्हणाली नसतीस तर माझा पाय निघाला नसता."

तो बोलतच सुटला. सामान किती न्यायचं, तिथं सूर्य चार महिने उगवतच नाही, पोशाखाला आतून एक खिसा शिवून देशील का... उत्तर चार मिनिटांच्या आत येऊच शकत नाही, हे तो दर आठवड्याला पोरांकडून घोकून घ्यायचा. आज ते अडीच मिनिटांत आलं होतं. त्यानं मोजलं नव्हतं. की मोजायचं नव्हतं त्याला? तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि विचारलं नाही.

तिचं 'राहा' यानात पोचायला भिंतीवरच्या घड्याळात काही सेकंद उरले होते.

"कुठे शिवू खिसा?" असं विचारत ती यानाच्या दारातून आत वाकली, आणि खटका दाबून स्पीकर बंद केला.

"छातीशी," तो म्हणाला.

आत निरोपाचा हिरवा दिवा लागला. निरोप वाजत असेतो तो तेवत राहायचा.

"कुणाचा निरोप आलाय?"

"माझाच," ती म्हणाली. "आवाज येतोय का, बघत होते."

दिवा विझेपर्यंत ती दारात तशीच उभी राहिली. मग टेप काढून तिनं त्याला सरळ उभं राहायला सांगितलं, आणि खिशाचं माप घेतलं.