डावीकडची जाळी

जिंतूरहून देवगाव फाट्याकडे जाताना उजव्या हाताला गेल्या वर्षी एक तीन किलोमीटरचा बायपास तयार झाला. सिमेंटचा, सरळसोट, आणि इतका गुळगुळीत की त्यावरून चालताना आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला उगाच परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटे. रस्ता तयार होता, पांढरे पट्टे मारून झाले होते. फक्त उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळत नव्हती. तेव्हा दोन्ही टोकांना मुरमाचे ढीग टाकून तो जपून ठेवला होता. सकाळी पेन्शनर त्यावर फिरत, दिवसभर लोक हळद वाळत घालत.

महारुद्र मळणी यंत्रं बनवायचा. यंत्र अडलं की शेतकरी इंजिनाकडे बघतो. महारुद्र आधी चाळणीकडे बघायचा. पोटात काय चाललंय ते चाळणीला अडकलेलं सांगतं, असं त्याचं म्हणणं, आणि तीस वर्षांत ते फारसं चुकलं नव्हतं.

त्याची मुलगी सृष्टी पुण्याला गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत होती. तिनं एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी घेतली होती. गाडी एवढी बुटकी की जिंतुरात शिरताना पहिल्याच गतिरोधकावर चौघांनी तिला पालखीसारखी उचलून पलीकडे ठेवली. ही गाडी ती दक्षिणेकडच्या एका ट्रॅकवर पळवायची. मागच्या खेपेला सहाव्या फेरीत ब्रेकचं पेडल पायाखाली थेट जमिनीला टेकलं आणि गाडी गोट्यांच्या पट्ट्यातून जाऊन टायरांच्या भिंतीला थडकली. सृष्टीनं हे जेवताना हसत हसत सांगितलं. त्या दिवसापासून महारुद्र रात्री तीनला उठून बसू लागला.

येता बुधवार सोडून पुढच्या बुधवारी ती पुन्हा त्याच ट्रॅकवर स्पर्धेत उतरणार होती. त्याआधी आठवडाभराची रजा टाकून गाडी घेऊन ती बापाच्या शेडमध्ये आली.

"बाबा, उफणणीच्या पंख्याला कशी हवा देता तुमी? तसंच. समोरचं वारं घ्यायचं, नळीनं चाकापर्यंत न्यायचं आन् ब्रेकच्या डिस्कच्या मधोमध सोडायचं."

"आन् न्हाई सोडलं तर?"

"ब्रेकचं तेल उकळतं. मग पाय जातो खाली आन् गाडी जाते पुढं."

महारुद्रनं पाना उचलला. पुढचे धुक्याचे दिवे काढून त्या जागी त्यानं ॲल्युमिनियमच्या पत्र्याची दोन नरसाळी बसवली. तिथून तीन इंची, आगीला न भिणारी नळी चाकापर्यंत नेली. डिस्कच्या मागचा मूळ पत्रा काढून स्वतःच्या हातचा बसवला. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वीस-वीस वेळा पार वळवून नळी टायरला घासत नाही ना, ते पाहिलं. दगड आत जाऊ नयेत म्हणून नरसाळ्यांच्या तोंडाशी जुन्या मळणी यंत्राच्या चाळणीतून कापलेली जाळी लावली. दोन्ही तुकडे एकाच पत्र्यातले, शेजारशेजारचे.

सोमवारी सकाळी सातला त्यांनी मुरमाचा ढीग थोडा उकरला आणि गाडी बायपासवर घेतली. सोबत शेजारचे सिद्धोधन सर होते. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तापमान मोजायची पिस्तुलासारखी बंदूक त्यांनी हौसेनं हातात घेतली होती.

सृष्टीनं ताशी शंभरनं गाडी पळवायची आणि कचकन ब्रेक दाबायचा, असं दहा वेळा केलं. सरांनी बंदूक रोखली. उजवी डिस्क दोनशे नव्वद अंश. डावी अडतीस.

"महारुद्र, डावी बाजू झकास जमली की रे."

"दोन्ही एकाच मापाच्या हायेत, सर."

सवयीनं तो जाळीपाशी उकिडवा बसला. उजव्या जाळीत दोन नाकतोडे, धूळ, हळदीची साल. डाव्या जाळीत गुलाल होता. ओला, ताजा, बोटाला लागणारा.

रस्त्यावर गुलाल कुठंच नव्हता. तिघांनी टोकापर्यंत चालत जाऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजार समितीचा निकाल लागला. जिंकलेल्या पॅनलला मिरवणूक न्यायला मोकळा रस्ता हवा होता आणि बायपासएवढा मोकळा रस्ता तालुक्यात दुसरा नव्हता. संध्याकाळी पांढरं सिमेंट या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी झालं.

"योगायोग," सर म्हणाले. पण चहा अर्धा ठेवून उठले.

बुधवारी ताशी एकशेतीस. उजवी डिस्क चारशेवर गेली, डावी अडतीसच. हात लावला तर तापलेल्या लेकराच्या कपाळासारखी लागत होती. डाव्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि बोटभर लाल रेशमी फीत. फितीचं एक टोक कात्रीनं कापल्यासारखं सरळ.

गाडी बंद होती. झाडाचं पान हलत नव्हतं. सरांनी एक पाकळी उचलून उजव्या नरसाळ्यापुढं धरली आणि सोडली. ती खाली पडली. मग दुसरी डावीकडं धरली.

पाकळी आडवी गेली आणि जाळीला चिकटली.

सरांनी ती काढली, पुन्हा सोडली. पुन्हा चिकटली. तिसऱ्यांदा त्यांनी केलं नाही. हात धोतराला पुसला आणि मागं घेतला.

"सर, असं होत असतं का?" सृष्टीनं विचारलं.

"बाळा, मी दहावीपर्यंतच शिकवलं," सर म्हणाले.

गुरुवारी दुपारी बातमी आली: साहेबांची वेळ मिळाली, शनिवारी उद्घाटन. संध्याकाळी मंडपवाल्यानं झेंडूची पोती आणून टाकली. सरांनी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलं. शंभरला एक दिवस. एकशेतीसला तीन दिवस. खडू तसाच धरून ते म्हणाले, "जोर वाढला की लांबचं येतंय, महारुद्र. ही नळी समोरचं वारं घेते म्हणालास ना? पण किती समोरचं?"

महारुद्रला त्या रात्री एकच गोष्ट सुचत होती. नळी काढली तर तेल उकळणार, पाय जमिनीला टेकणार. नळी ठेवली तर ब्रेक तरी लागतोय. पण पुढच्या बुधवारच्या पलीकडं पोरीचं काय आहे, ते ही जाळी सांगू शकत होती, आणि असं विचारता येतं हे एकदा कळल्यावर न विचारता राहणं बापाला जमेना.

शुक्रवारी पहाट फुटली तसा तो तिला म्हणाला, "आज जितकी पळंल तितकी पळव."

"कामून?"

"मला बघायचंय."

"बाबा, तुमी भ्यायलात का?"

"लय."

ती थट्टा करणार होती, केली नाही. हेल्मेट घातलं.

गाडी गेली. आवाज आधी बारीक झाला, मग वाढत आला. पिवळा ठिपका, मग नाक, मग वाऱ्याचा तडाखा. एकशेसत्तर. ब्रेक लागला तेव्हा उजव्या चाकातून धूर निघाला. डाव्यातून काहीच नाही.

महारुद्र धावत गेला.

जाळीत फ्लेक्सचा तुकडा होता. पोस्टकार्डाएवढा, कडा वाऱ्यानं फाटलेल्या. त्यावर एक डोळा.

माणसाचा डोळा, तळहाताएवढा मोठा छापलेला. वरती भुवई, भुवईवर केसांची एक बट. रंग उडालेला. खाली अक्षराचा नुसता कोपरा, त्यावरून काही वाचता येत नव्हतं.

आपल्याकडं माणसाचा चेहरा एवढा मोठा दोनच वेळा छापतात: शुभेच्छांना आणि श्रद्धांजलीला. महारुद्रला त्यातली दुसरी वेळ आधी आठवली.

सृष्टीचे डोळे बापावर गेलेत, हे तिच्या बारशापासून सगळे सांगत आले होते. सरांनी तुकडा हातात घेतला, बापाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं.

"माझा हाय," महारुद्र म्हणाला. "माझाच हाय ना, सर?"

"किती दिवस पुढचं?" सृष्टीनं विचारलं.

"आठवडा," सर म्हणाले. "फार तर नऊ दिवस."

"तू जायचं न्हाई," महारुद्र म्हणाला.

भांडण झालं. गाडी न्यायला पिकअप दारात उभी होती. एका चिंधीपायी वर्षाची मेहनत घालवू का, असं ती म्हणाली. तो नुसता गाडीच्या चावीवर मूठ आवळून बसला. शेवटी चावी सरांच्या हातात देऊन म्हणाला, "दोन तास थांब. मी विचारून येतो."

तालुक्यातले सगळे चेहरे मोठे करणारा माणूस एकच, बसस्टँडमागचा बालाजी. त्याच्या दुकानात शाईचा उग्र वास होता आणि शनिवारच्या स्वागताचे फ्लेक्स छतापर्यंत रचलेले होते. महारुद्रनं तुकडा टेबलावर ठेवला.

"हा डोळा कुणाचा, सांगता येतं का?"

बालाजीनं मान वाकडी करून पाहिलं आणि तो हसलाच.

"घ्या! काका, चेष्टा करायलाव का? घरचं माणूस वळखंना व्हय?"

त्यानं कॉम्प्युटर महारुद्रकडं वळवला. पडद्यावर सृष्टी होती. काखेत हेल्मेट, हसणारी, भुवईवर बट. खाली: 'आपल्या मातीची लेक सृष्टीताई यांना ट्रॅकवरील स्पर्धेसाठी हार्दिक शुभेच्छा'.

"नागनाथच्या तरुण मंडळाची ऑर्डर हाय. उद्या बायपासच्या तोंडाला लावायलेत. पण काका, हे अजून छापलंच न्हाई. तुमच्याकडं तुकडा कुठून आला?"

महारुद्र स्टुलावर बसला. शुभेच्छांचा फ्लेक्स. उद्या लागणार, आठ दिवस उन्हात तापणार, वाऱ्यानं फाटणार, एक तुकडा रस्त्यावर येणार. बस, एवढंच. त्याला हसू आलं, ते थांबेना.

त्यानं तिथूनच फोन लावला.

"जा, बाळा. खुशाल जा. चावी सरांकडं हाय."

"खरंच?"

"खरंच. डोळा तुझाच हाय. शुभेच्छांचा फ्लेक्स हाय तो, फिकीर करू नको."

"मग मी निघालेच. तुमचा इचार बदलायच्या आत. आन् आता ट्रॅकवर पोचेस्तोवर फोन उचलत न्हाई, सांगून ठेवते."

"नको उचलू," तो आनंदानं म्हणाला.

बालाजीनं छपाई लावली. तेवढ्यात चहा आला. महारुद्रनं दोन कप घेतले. मशीनचं डोकं इकडून तिकडं सरकत होतं आणि कापडावर ओळीओळीनं सृष्टी उमटत होती: केस, कपाळ, बट, भुवई, मग डोळा. तपकिरी, चकाकता. महारुद्रनं उठून हातातला तुकडा त्याच्याशेजारी धरला. माप तेच. बट तीच.

"उन्हानं पार उडाला बघ रंग," तो म्हणाला.

बालाजीनं तुकडा घेतला. उजेडाकडं धरला. नखानं कड खरवडली.

"उन्हानं न्हाई, काका."

"म्हंजे?"

"ऊन लागलं की पिवळा आन् लाल आधी जातो. निळा ऱ्हातो. कुठलाबी जुना फ्लेक्स बघा, निळा पडल्याला दिसतोय." त्यानं तुकडा परत दिला, नीट, दोन बोटांनी. "ह्यात निळा न्हाईच, नुसता काळा हाय. फोटोतला रंग काढून मग छापलंय हे."

महारुद्रनं फोन लावला. तिकडं रिंग वाजू लागली.

"फोटोतला रंग," बालाजी हळू म्हणाला, "आमी एकाच कामाला काढतो, काका."

रिंग वाजत राहिली. मशीन थांबलं नव्हतं. ते आता तिचं हसू छापत होतं.